रिकाम्या कपातली साय

कपात चहा नव्हताच. नुसतं गरम पाणी होतं, कप तापावेत म्हणून बंबवाल्या मामांनी ओतलेलं. तिने सवयीने झाकण उचलून नाकाशी धरलं, तर सायीचा वास आला. पुसटसा, असेल-नसेल असा नव्हे. दूध तापून निवलं की वर जी जाड घडी धरते ना, तिचा. दाट, गोडसर, टाळ्याला चिकटणारा. तिने झाकण ठेवलं, शेजारच्या कपाचं उचललं. तिथेही साय. पुढच्यात साय, त्याच्या पुढच्यात साय. टेबलावर बारा कप ओळीने मांडलेले, बाराही कपांत नळाचं पाणी आणि बाराही झाकणांवर साय. "मामा, पाणी कुठलं भरलंत आज?" तिने विचारलं. मामा बंबाची तोटी फडक्याने पुसत होते. "नळाचं. दुसरं कुठलं? बंबाला गाय बांधलीय का मी?" म्हणाले आणि स्वतःच्याच विनोदावर खूश होऊन हसले. तीही हसली असती एरवी. पण तिने झाकण खाली ठेवून नुसता आपला उजवा हात नाकाजवळ नेला होता, अंगठा आणि पहिली दोन बोटं, आणि तो तिथेच राहिला होता. चोरी करताना पकडलेल्या माणसाचा हात कसा दुसऱ्याच्या खिशात राहतो, तसा.

ती हात धुवायला गेली. बिनवासाचा साबण, चोळून चोळून, कोपरापर्यंत. या चहाच्या कारखान्यात शिरल्यापासून बावीस वर्षं तिने अंगाला अत्तर लावलं नव्हतं, केसांना वासाचं तेल लावलं नव्हतं, सकाळच्या जेवणात कांदा खाल्ला नव्हता. चव घेणाऱ्या माणसाने स्वतःला कुठलाच वास असू द्यायचा नाही, भिंतीसारखं व्हायचं, हे तिला शिकवणाऱ्या म्हाताऱ्या परीक्षकाने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. ती इतकी भिंत झाली की शेजारणीची मांजर म्हणे तिला माणूस समजायचीच नाही, खुर्ची समजून अंगावर चढून झोपायची. हे अर्थात थोरलीचं सांगणं. थोरलीने, म्हणजे तिच्या मोठ्या बहिणीने, तिच्या नाकाच्या इतक्या गोष्टी गल्लीभर पसरवल्या होत्या की त्यातल्या खऱ्या किती हे तिचं तिलाही आता धड सांगता आलं नसतं. धाकटीने म्हणे बंद डबा नुसता हुंगला आणि चहा कुठल्या उतारावरचा ते सांगितलं. एवढ्यावर थोरली थांबेल तर ती थोरली कसली! तो डबा भरणाऱ्या बाईचं आदल्या दिवशी नवऱ्याशी भांडण झालेलं होतं, हेही म्हणे धाकटीने सांगितलं, आणि चौकशी केली तर खरंच निघालं. नाकाडी हे नाव थोरलीनेच ठेवलं, पाचव्या वर्षी. ते गल्लीतून कारखान्यात आलं, कारखान्यातून मळ्यांवर गेलं, आणि त्या नावाबरोबर सगळ्या गोष्टीही गेल्या, वाटेत बाळसं धरत धरत. "नाकाडीबाईंनी सांगितलं" म्हटलं की पुढे कुणी बोलायचं नाही. तिने कधी कुणाला थांबवलं नाही. का थांबवावं? चांगलं वाटायचं.

हात पुसून तिने पुन्हा हुंगला. नुसता हात होता. मग मामांनी भरून ठेवलेल्या गरम कपाला बोटं टेकवली, वीसपर्यंत मोजलं, आणि हुंगली. आली. नखांच्या कडेतून, कातडीच्या रेघांतून, कुठून कुठून गोळा होऊन आली. गार असताना गप्प बसणारी आणि गरम चिनीमातीला बोट लागलं की बोलायला लागणारी साय. मलम. थोरलीच्या पाठीचं मलम.

थोरली सात महिने अंथरुणात होती. कमरेखालचं अंग गेलेलं, पाठीला जखमा. नर्सबाईंनी पांढरं, जाड, तुपासारखं मलम आणून दिलं होतं, सकाळ-संध्याकाळ हलक्या हाताने चोळायचं. त्याला दुधाचा वास होता. आधी तिच्या लक्षात यायचा, मग येईनासा झाला. घरातला वास घरातल्या माणसाला येत नाही, इतकं साधं होतं ते. नर्सबाई रबरी मोजे घालून लावायच्या. तिनेही पहिल्या दिवशी मोजे चढवले, तर थोरलीने मान वळवून बघितलं आणि म्हणाली, "ए नाकाडे, ते काढ. नर्स परकी आहे, तिचं ठीक. तू मोजे घालून हात लावणार मला? मी काय तुंबलेली मोरी आहे?" तिने मोजे काढले. त्यानंतर सात महिने रोज सकाळी कारखान्यात निघण्याआधी ती उघड्या हाताने थोरलीची पाठ चोळत होती. त्या अर्ध्या तासात थोरली डोळे मिटून घ्यायची आणि कधी कधी गोष्ट सांगायची, कधी नुसती कण्हायची. आई गेल्यावर याच थोरलीने तिला न्हाऊमाखू घातलं होतं, उवा काढल्या होत्या, शाळेत पोचवलं होतं. त्या पाठीला हात लावताना मध्ये रबर नको होतं तिलाही.

पण ते काही नव्हतं. म्हणजे ते सगळं होतं, पण ती पुन्हा मोरीपाशी जाऊन उभी राहिली ती त्यासाठी नव्हे. तेवीस दिवसांपूर्वी तिने एक चहा नापास केला होता.

तो सायीचा ऊलाँग होता, काळ्या आणि हिरव्याच्या मधला चहा. सायीचा म्हणजे दूध घातलेला नव्हे. दुधाचा थेंब त्याला लागत नाही. झाडाची एक जातच तशी असते. पान थंडीत हळूहळू वाढलेलं, तोडल्यावर अर्धं सुकवलेलं, अर्धं हिरवं राखलेलं, मग वळून वळून मिऱ्याएवढ्या गोळ्या केलेलं आणि मंद भाजलेलं. गरम पाण्यात त्या गोळ्या अंग मोकळं करत उलगडतात आणि उलगडता उलगडता कुठूनतरी ती साय येते. कधी येते, कधी रुसते. ज्यांच्याकडे येत नाही ते बाटलीतून फवारतात. ओळखायचं कसं, तर एकाच पानावर पाच वेळा पाणी ओतायचं. खरी साय लाजरी असते. पहिल्या पाण्याला झाकणाला नुसती शिवून जाते, दुसऱ्याला जिभेवर येते, तिसऱ्याला घशात उतरते, आणि चौथ्याला बघावं तर गेलेली. फवारलेली साय पहिल्या पाण्यापासून झाकणावर ठाण मांडते आणि पाचव्यालाही जागची हलत नाही, न बोलावलेल्या पाहुण्यासारखी. त्या दिवशी तिने पाच वेळा झाकण उचललं, पाचही वेळा साय तेवढीच, तसूभर कमी नाही. तिने कागदावर लिहिलं, "सुगंध फवारलेला." खाली सही केली. नियमाने दुसऱ्या जिभेची सही लागायची. दुसरी जीभ म्हणजे कारखान्याच्या साहेबांचा मेहुणा, ज्याला सगळे सर्दीराम म्हणत, कारण त्याचं नाक वर्षातून अकरा महिने चोंदलेलं असायचं आणि बाराव्या महिन्यात तो रजेवर असायचा. त्याने कप तोंडाला लावायचीही तसदी घेतली नाही. "तू म्हणतेस ना? मग फवारलेलंच," म्हणाला आणि सही ठोकली.

आता हात धुण्याच्या मोरीपाशी उभी राहून ती त्या पाच झाकणांकडे परत परत जात होती. एरवीच्या काळ्या चहाच्या दणक्यात तिच्या बोटांचं काही चाललं नसेल. काळा चहा म्हणजे लग्नातला बँड, त्यात कोण खोकलं कुणाला कळतंय? ऊलाँग महिन्यातून एखादा यायचा. नेमका साय शोधायला बसलेल्या नाकाला साय मिळाली. पण तिला खरं टोचत होतं ते दुसरंच. तिसऱ्या पाण्याला काहीतरी झालं होतं. तिने घोट सुर्रकन ओढला होता, जिभेवर फिरवून पिकदाणीत टाकला होता, आणि टाकल्यानंतर घशाच्या मागे, जिथे काही पोचलेलंच नव्हतं तिथे, एक ऊब उमटली होती. क्षणभर. लहानपणी तापात कुणी कपाळावर हात ठेवावा आणि डोळे उघडेपर्यंत कुणी नसावं, तशी. चौथ्या पाण्याला ती नव्हती. जिभेला कळलं होतं. जीभ सांगत होती, बाई थांब. पण नाकाने निकाल देऊन टाकला होता आणि नाक नाकाडीबाईंचं होतं.

तो चहा ज्यांचा होता त्या मळेवाल्या काकांचा फोन तेव्हाच आला होता, नापास झाल्याच्या दुसऱ्या दिवशी. सत्तरीचा माणूस, आवाज कोरड्या पानासारखा. तीस वर्षं या कारखान्याला चहा देत होता. तिने नुसतं फोनवरच ऐकलेला, कधी पाहिलेला नाही. तो भांडला नाही. "बाई, नक्की ना?" एवढंच विचारलं. "पाचही पाण्यांना सारखी होती, काका," ती म्हणाली. मग, "तुम्ही म्हणता म्हणजे असणार," आणि फोन ठेवला. भांडला असता तर! चार शिव्या घातल्या असत्या, माझ्या झाडांना काय दूध पाजतो का मी, म्हणाला असता, तर तिने कदाचित सर्दीरामला बाजूला सारून दुसऱ्या कुणाला चाखायला लावलं असतं. लोक भांडत का नाहीत?

साय बोटांवर सापडली त्या दिवशी तिने कुठलाच कप चाखला नाही. डोकं दुखतंय म्हणाली. घरी आली, नर्सबाईंना दोन दिवस सकाळ-संध्याकाळ यायला सांगितलं. थोरली बघत होती. "का गं? विटलीस?" "नाही गं ताई." "मग लपवतेयस काय? तुझं तोंड असं झालंय की आरसा बघितलास तर आरसाच विचारेल, कोण गेलं म्हणून." तिने सांगितलं. सगळं सांगितलं, झाकणं, बोटं, काका. थोरली ऐकत होती, आणि मग हसायला लागली. हसता हसता ठसका लागला, पाणी पाजावं लागलं, तरी हसतच होती. "म्हणजे माझ्या ढुंगणाच्या मलमाने त्या बिचाऱ्याचा चहा नापास झाला? अगं, एवढी मोठी गोष्ट मला उभ्या जन्मात सुचली नसती!" डोळ्यांतून पाणी गळत होतं तिच्या. धाकटीही हसली, हसू आवरेना. दोघी बराच वेळ हसत होत्या, आणि मग कधीतरी थोरलीचं थांबलं. तिने तोंड भिंतीकडे केलं. भिंतीला सांगितल्यासारखं म्हणाली, "परवापासून मोजे घाल." "ताई—" "घाल म्हटलं ना." पाठ तेवढी दिसत होती, उघडी, धाकटीच्या हातांसमोर.

तिसऱ्या दिवशी सकाळी तिने बोटं गरम कपाला लावून पाहिली. काही नव्हतं. नापास झालेल्या चहाचाही एक पुडा कारखाना सहा महिने सीलबंद ठेवायचा. तो तिने कपाटातून काढला, फोडला, पाच ग्रॅम तोलले. मामांना म्हणाली, "पाणी उकळू देऊ नका हं, उकळीच्या जरा आधी द्या." "आज कपात गाय की पाणी?" मामांनी विचारलं, पण तिचं तोंड बघून गप्प झाले. पहिलं पाणी ओतलं. झाकणावर काही नाही, म्हणजे हिरव्या देठाचा, ओल्या दगडाचा वास आणि त्याच्या मागे कुणी दाराआडून डोकावून गेल्यासारखं. दुसऱ्याला जिभेच्या कडा मऊ झाल्या. तिसरा घोट तिने पिकदाणीत टाकला नाही. बावीस वर्षांत पहिल्यांदा गिळला. आणि ती उभीच राहिली टेबलाला धरून. चौथ्याला साय गेली होती, नुसती गोडी उरली होती, रिकाम्या खोलीत कुणाची तरी चाहूल उरावी तशी. पाचव्याला पान पूर्ण उलगडलं, तळहातावर घेतलं तर अखंड, देठासकट, कडा तेवढ्या तांबूस. असा चहा तिने पाहिला नव्हता. तिच्या म्हाताऱ्या परीक्षकाने सांगितलेल्या चहांमध्येच असे चहा असायचे, आणि ते सांगणं तिने नेहमी चार आणे खरं धरलं होतं. आपण काय केलं हे तिला त्या वेळी कळलं. त्याआधी नुसतं समजलं होतं.

साहेबांनी ऐकून घेतलं. चष्मा काढला, पुसला, घातला. "तुम्ही चुकलात हे तुम्ही मला सांगितलंत, झालं. पुढच्या हंगामात त्याचा चहा आपण मुकाट्याने घेऊ. विषय संपला." "त्यांना कळवायला हवं. लेखी. कागदावर फवारलं असं लिहिलंय मी." "बाई, एक मळेवाला नाराज राहिला तर चालतं. तुमची सही एकदा खोटी ठरली की मागच्या सगळ्या सह्या उकरून काढतील लोक. ज्याचा ज्याचा नापास झालाय तो तो दारात उभा राहील. माझ्या वेळी मलम कुठलं, म्हणून विचारेल." ते स्वतःशीच हसले, मग हसणं गिळलं. "पत्र गेलं तर सही करायचं काम तुमच्याकडे राहणार नाही. पानं निवडायच्या हॉलमध्ये बसावं लागेल. आणि घरी आजारी माणूस आहे तुमच्या. विचार करा." तिने विचार केला. जिन्यावर उभं राहून केला. सर्दीराम वरून उतरत होता, शिंकत होता. तो आता पहिली जीभ होणार, हे तिच्या डोक्यात आलं आणि हसूही आलं, रडूही आलं. तिने पत्र लिहिलं, चार ओळींचं. "आपला चहा शुद्ध होता. चूक माझ्या हाताची होती." खाली सही. पेटीत पत्र पडलं तेव्हा काही आवाजसुद्धा झाला नाही. मग तिला वाटलं, एवढ्या जुन्या माणसाला हे आधी कागदावरून कळू नये. तिने फोन लावला.

"बोला बाई," काका म्हणाले. जणू चोवीस-पंचवीस दिवस फोनपाशीच बसून होते. तिने सांगितलं. बहीण, मलम, बोटं, झाकण, रिकाम्या कपातलं पाणी. मध्ये थांबली नाही, थांबली असती तर पुढे बोलता आलं नसतं. तिकडे कुठेतरी कोंबडी ओरडत होती. तिला वाटलं आता ओरडतील. ओरडावं.

"माझा मुलगा गेला," काका म्हणाले.

"म्हणजे—"

"नाही, तसा नाही. घर सोडून गेला. तुमचा कागद आला, मी त्याला विचारलं, तू काही फवारलंस का? नाही म्हणाला. मी म्हटलं, त्या बाई खोटं बोलत नाहीत. तो म्हणाला, बाबा, तुम्ही स्वतः प्या की. घरात होता डबा. तुम्ही प्या आणि सांगा. मी नाही प्यायलो. बत्तिसाव्या वर्षी थोबाडीत मारली त्याला. बायको-पोरीसमोर. तिसऱ्या दिवशी तिघंही गेली. फोन लागत नाही."

तिने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"बाई, एक करा. पत्र काही पाठवू नका. तुमचं पहिलं होतं तेच बरोबर होतं, असं म्हणा."

"पत्र गेलंय, काका."

"जाऊ दे. पत्राचं मी बघतो. तुम्ही नुसतं म्हणा. फवारलेलं होतं म्हणा. मग मी ज्याच्यासाठी मारलं ते तरी..." आवाज कोरडा होता, अगदी कोरडा, चुरा व्हायला आला होता. तिला म्हणावंसं वाटलं. एक वाक्य. तिच्या घरात यापेक्षा कितीतरी मोठ्या थापा रोज उठता-बसता मारल्या जात होत्या आणि कुणाचं काही बिघडत नव्हतं. ओठांपर्यंत आलं तिच्या. पण तिसरं पाणी तिने गिळलं होतं, ते पोटात होतं.

"नाही काका. त्याने काही फवारलं नव्हतं."

"बरं," काका म्हणाले. कोंबडी पुन्हा ओरडली, कुणी हाकलली नाही. मग त्यांनी विचारलं, "कसा होता?"

तिला आधी कळलं नाही. मग कळलं. आणि तिने सांगितलं, बावीस वर्षांत कुणाला सांगितलं नव्हतं तसं, कागदावरचे शब्द न वापरता. पहिल्या पाण्याला दाराआड कोण उभं होतं ते, दुसऱ्याला जिभेच्या कडा कशा विरघळल्या ते. तिसरा थुंकवला नाही म्हणाली. चौथ्याला काय गेलं आणि काय मागे राहिलं. पान तळहातावर कसं पसरलं, एकही चीर नव्हती. ती बोलत राहिली आणि काका श्वास न घेता ऐकत राहिले, पोराचं प्रगतिपुस्तक दुसऱ्याकडून वाचून घेणाऱ्या बापासारखे.

"तो लॉट पोराने एकट्याने केला होता," काका म्हणाले. "वळण्यापासून भाजण्यापर्यंत. मला भट्टीजवळ येऊ दिलं नाही. शेवटी आणून दिला तेव्हा मी नुसता हुंगला. पन्नास वर्षं करतोय मी हा चहा, बाई. इतका चांगला माझ्या हातून एकदाही झाला नाही." ते थांबले. "म्हणून तर तुमचं लगेच पटलं मला."

फोन ठेवल्याचा आवाज आला नाही. तिकडे कुणीतरी खुर्ची मागे सरकवली, आणि पावलं वाजत वाजत लांब गेली.